सुईची बैठक

दिवाळीच्या आधीच्या रविवारी माळा झाडायचा, हा आमच्या घरचा जुना नेम. पितळी भांड्यांचा हारा, मोडका आकाशकंदील, आम्हा भावंडांच्या शाळेच्या वह्या असे सगळे खाली येते, पुसले जाते आणि पुन्हा वर जाते. अण्णा, म्हणजे माझे वडील, असेपर्यंत एक पेटी मात्र माळ्यावर कधी चढली नाही. ती त्यांच्या खाटेखाली असे. तिच्यात मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या, पडल्या की काचेसारख्या फुटणाऱ्या वीस-पंचवीस काळ्या तबकड्या होत्या आणि लाँगप्ले मोजून सात. त्या सातांतली एक कुमार गंधर्वांची. १९७८ साली पगाराची थकबाकी मिळाली तेव्हा अण्णांनी ती घेतली. आईने तिची किंमत विचारली नाही आणि अण्णांनी सांगितली नाही, यावरून काय ते समजावे.

अण्णा प्राथमिक शिक्षक. त्यांचे मूळ खेडे सुळेभावीपासून सायकलच्या अंतरावर. कुमारांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी त्याच सुळेभावीत झाला, त्यामुळे आमच्याकडे त्यांचा उल्लेख गावच्या माणसासारखा होई. पाडव्याच्या सकाळी अभ्यंगस्नान, फराळ आणि मग ती लाँगप्ले. सुई टेकली की अण्णा भिंतीला टेकून डोळे मिटत. दुसऱ्या बाजूची शेवटची तीन-चार मिनिटे आली की आवाज फाटू लागे. तार षड्जाला किनार येई, स आणि श ही अक्षरे फुसफुसत. अण्णा डोळे न उघडता म्हणत, "एका फुप्फुसावर गातोय माणूस. शेवटी दम कमी पडायचाच."

आम्ही मान डोलवत असू. १९४७-४८च्या सुमारास कुमारांना क्षय झाला, कोरड्या हवेसाठी ते माळव्यात देवासला राहायला गेले, काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते आणि नंतर ते नव्या ढंगाने गाऊ लागले, हा इतिहास सर्वांना ठाऊक होता. अण्णांचे वाक्य त्यात चपखल बसत होते. पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो, आणि आजारावर मात करणाऱ्या माणसाचे उदाहरण म्हणून हेच वाक्य वर्गात कितीदा तरी सांगितले. ते चुकीचे होते. फाटत होता तो कुमारांचा आवाज नव्हे. आमच्या यंत्राची सुई चरात नीट बसत नव्हती.

हे मला कळायला अण्णा जाऊन बरीच वर्षे लोटावी लागली. कसे कळले ते पुढे सांगतो. पण मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे आधी सुईचा इतिहास वाचला, आणि तो वाचताना लक्षात आले की गेल्या दीडशे वर्षांत ध्वनिमुद्रणाची जी जी प्रगती झाली, तिच्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत गेला. चर कापणारी सुई ज्या बैठकीत होती, त्याच बैठकीत वाचणारी सुई बसवायची कशी?

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला तेव्हा त्याची सुई वरखाली हलत असे. फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कथलाच्या पत्र्यावर ती आवाजाच्या जोराप्रमाणे कमीअधिक खोल दाबली जाई. म्हणजे ध्वनी खोलीत लिहिलेला. डोंगर-दऱ्यांच्या वाटेवरून गाडी जावी तशी वाचणारी सुई त्यावरून चढत-उतरत जाई. दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनर याने ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याने नळकांड्याऐवजी पुढे सपाट तबकडी आणली आणि सुईला वरखाली हलवण्याऐवजी डावीउजवीकडे हलवले. चराची खोली सर्वत्र सारखी, वळणे मात्र आवाजाप्रमाणे. नदी जशी सपाटीवर वळणे घेत जाते तशी. सपाट तबकडीचे ठसे काढणे सोपे, म्हणून एका मूळ मुद्रणावरून हजारो प्रती निघू लागल्या. बाजार बर्लिनरच्या पद्धतीने जिंकला. आपल्याकडे कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनी स्वदेशीच्या काळात नळकांडी काढली आणि पुढे पाथे या फ्रेंच कंपनीच्या साहाय्याने तबकड्या विकल्या. त्या पाथे तबकड्या वरखाली चालणाऱ्या होत्या. नेहमीच्या ग्रामोफोनवर लावल्या तर त्यांतून धड आवाज निघत नसे आणि पोलादी पिन त्यांचा चर खरवडून टाकी. आवाज तबकडीत असतो हे खरेच, पण सुई चुकीच्या बैठकीत असली तर तो ऐकू येत नाही, एवढेच नव्हे तर पुसलाही जातो. हा धडा तेव्हाच मिळाला होता.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक कलकत्त्यात आला आणि त्याने गोहरजान यांचे गाणे मुद्रित केले. मेणाच्या मूळ तबकड्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे छापून परत येत. गाणे संपता संपता गोहरजान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत, ते तिथल्या कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे म्हणून, असे सांगतात. १९०८ पासून कलकत्त्यातच तबकड्या निघू लागल्या. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या. लाख आपल्याच देशातून जगभर जाई. तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, आणि तीही मुद्दाम. पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच त्या पुडीवर घासून चराच्या आकाराची व्हावी, हा हेतू. म्हणजे सुई चरात कशी बसवायची या प्रश्नाचे तेव्हाचे उत्तर सोपे होते: चरानेच तिला आपल्याजोगी करून घ्यावे. म्हणून तर एका बाजूला एक नवी पिन, असा नियम. काटकसरी घरांत एक पिन चार-चार तबकड्यांना चाले आणि मग घासलेली, धारदार झालेली तीच पिन चराच्या भिंती कोरत जाई. ज्या पांढुरक्या, खरखरत्या तबकड्या आज जुन्या बाजारात मिळतात, त्यांतल्या पुष्कळ या काटकसरीच्या बळी आहेत.

टोनआर्म हा शब्दही त्याच काळातला. आरंभीच्या यंत्रांत कर्णा थेट सुईच्या डबीला जोडलेला असे आणि त्याचा भार तबकडीवर येई. १९०३च्या सुमारास अमेरिकेत एल्ड्रिज जॉन्सन याने दोघांच्यामध्ये एक पोकळ, रुंदावत जाणारी नळी घातली. कर्णा स्थिर राहिला, नळी तेवढी फिरू लागली. त्या नळीतून स्वर वाहत जाई म्हणून ती टोनआर्म. पुढे वीज आली, स्वर नळीऐवजी तारेतून जाऊ लागला, पण दांड्याचे नाव तेच राहिले.

या किल्लीच्या यंत्रांनी आपल्या भागाचे काय केले ते मुद्दाम आठवण्यासारखे आहे. धारवाडच्या गंगूबाई हनगल लहानपणी ग्रामोफोनचा आवाज कानी पडला की रस्त्यावर धावत जात आणि ऐकलेले गाणे म्हणून पाहत. गदगच्या भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकली आणि असे गाता आले पाहिजे या ध्यासाने पोरवयात घर सोडले. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी, आणि त्या नवलापोटीच कुमार गंधर्व झाला. यांतल्या कोणाची घरची भाषा कन्नड, पण त्यांच्या कानांनी वेचलेले गाणे मिरजेचे, मुंबईचे, कलकत्त्याचे. आमच्या सीमाभागात भाषेवरून पुष्कळ वाद झाले, आजही होतात. पण ग्रामोफोनच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या पोराला कोणी त्याची मातृभाषा विचारली नाही. या पिढीची अर्धी तालीम गुरूकडे झाली असेल तर थोडी या पिनेकडेही झाली, असे म्हणायला हरकत नाही.

आता सुईच्या बैठकीकडे पुन्हा वळू. चर कापणारी सुई कारखान्यात सरळ रेषेत, तबकडीच्या कडेकडून मध्याकडे सरकते. घरच्या यंत्राचा दांडा एका टोकाला खिळलेला, म्हणून वाचणारी सुई कमानीत सरकते. दोघींच्या दिशा सर्वत्र जुळणे शक्यच नाही. १९२४ साली इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन याने 'ग्रामोफोन' या मासिकात हा प्रश्न मांडला आणि सुई किती पुढे आणि किती तिरकी बसवली म्हणजे चूक कमीत कमी राहील याचे गणित दिले. १९३८ साली लोफग्रेन याने आणि १९४१ साली बेअरवाल्ड याने ते आणखी नेमके केले. आजही दांडा जुळवायला जो कागदी नमुना वापरतात तो याच गणितावरचा.

२१ जून १९४८ रोजी कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये लाँगप्ले जाहीर केली. लाखेऐवजी व्हिनाइल, अठ्ठ्याहत्तरऐवजी सव्वातेहेतीसहून किंचित जास्त फेरे, आणि चर इतका अरुंद की बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे मावावे. जुन्या पिनेचे टोक लाँगप्लेच्या टोकाच्या तिप्पट जाड. म्हणून लाँगप्लेला जुनी पिन लावली तर ती चरात उतरतच नाही, वरच्यावर नांगर फिरवते. उलट, जुन्या तबकडीला लाँगप्लेची सुई लावली तर ती रुंद चराच्या तळाशी आपटत, खरखरत राहते. जुने साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून अधिक भाराने टेकत. नव्या सुईला पाच-सात ग्रॅम, आणि चांगल्या प्रतीची असेल तर दोन ग्रॅमसुद्धा पुरतात.

आणि मग आले स्टिरिओ. एका चरात दोन आवाज लिहायची युक्ती अॅलन ब्लूमलीन या इंग्रज अभियंत्याने १९३१ सालच्या पेटंटमध्ये मांडून ठेवली होती. चराच्या दोन भिंती पंचेचाळीस अंशांवर कललेल्या असतात. एका भिंतीवर डावा ध्वनी, दुसरीवर उजवा. ब्लूमलीन १९४२ साली रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून वारला, आणि त्याची कल्पना १९५८ साली तबकड्यांच्या रूपाने बाजारात आली. स्टिरिओत दोन्ही भिंती वेगवेगळ्या हलतात, म्हणून सुई डावीउजवीकडे हलतेच, शिवाय वरखालीही हलते. म्हणजे एडिसनचे चढउतार आणि बर्लिनरची वळणे एका चरात आली. इथेच दांड्याच्या उंचीचा प्रश्न जन्माला आला.

तो असा. वरखाली हलणारी सुई अगदी उभ्या रेषेत हलत नाही. ती एका बारीक दांडीच्या टोकाला असते, आणि ती दांडी मागे तिरपी वर गेलेली असते. त्यामुळे सुई वर उचलली जाताना किंचित पुढेही सरकते. दार उघडताना त्याची कड कमानीत फिरते तसेच हे. कारखान्यात चर कापणारी सुईही अशीच तिरकी हलते. दोघींचा तिरकसपणा जुळला तर लिहिलेले तसेच वाचले जाते. जुळला नाही तर लाटेचा चढ आणि उतार सारखे राहत नाहीत, आवाजात मुळात नसलेले सूर मिसळतात. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचा कापण्याचा कोन वेगळा होता. शिवाय साठच्या दशकात असे ध्यानात आले की मूळ तबकडीवरचा लाकरचा मऊ थर कापल्यावर किंचित परत उसळतो, म्हणून यंत्रावरचा कोन एक आणि चरात उमटलेला कोन दुसरा. अखेर पंधरा अंश हे प्रमाण ठरले. १९६४ साली अमेरिकेच्या शुअर कंपनीने व्ही-१५ नावाचे कार्ट्रिज काढले, त्यातला १५ हा आकडा याच कोनाचा. सत्तरच्या दशकात प्रमाण वीस अंशांकडे सरकले. म्हणजे सर्व तबकड्यांना बिनचूक अशी एकच बैठक नाही. पण प्रत्येक कार्ट्रिज असे बनवलेले असते की दांडा तबकडीला समांतर असला म्हणजे सुई योग्य कोनाच्या जवळपास बसावी. दांड्याचे मागचे टोक उंच झाले की कोन वाढतो, खाली गेले की कमी होतो. नऊ इंची दांड्याचे मागचे टोक चार मिलिमीटर वर-खाली केले की कोन एका अंशाने बदलतो. एवढे साधे भूमितीचे गणित, पण हे कोणी आम्हाला सांगितले नव्हते.

ते सांगितले माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. आमच्याच गल्लीतला, घरी कन्नड बोलणारा, शाळा मराठी. आता बंगळुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात आहे आणि जुन्या तबकड्यांचा नाद लागलेला. दोन वर्षांमागे दिवाळीत भेटायला आला आणि अण्णांचे यंत्र बघायला मागितले. मी कौतुकाने कुमारांची लाँगप्ले पुढे केली. तो म्हणाला, "सर, ही आत्ता नको. आधी कुठलीतरी बिनकामाची द्या."

मग त्याने काय केले? तो जमिनीवर पालथा पडला. एक डोळा मिटून, तबकडीच्या पातळीत मान आणून बाजूने बघू लागला. मलाही पडायला लावले. पन्नाशी उलटलेला मुख्याध्यापक आणि त्याचा विद्यार्थी असे दोघे जमिनीला गाल लावून एका सुईकडे बघत आहेत, हे दृश्य पाहून आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरात परत गेल्या. पण मला प्रथमच दिसले: दांडा पुढच्या बाजूला उतरता होता. फार नाही, पण मागे रेघांचे पोस्टकार्ड धरले तेव्हा रेघ आणि दांडा यांतला फरक स्पष्ट झाला. त्याने भिंगातून टोक पाहिले. ते एका बाजूने झिजून सपाट झाले होते. कार्ट्रिज किंचित वाकडे बसलेले. लहानशा तराजूवर भार पाहिला तर नऊ ग्रॅम.

मग उलगडा झाला. मूळ कार्ट्रिज १९८०च्या आसपास निकामी झाले होते, आणि बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने मिळेल ते बसवून दिले होते. ते मूळच्यापेक्षा बुटके, म्हणून दांड्याचे पुढचे टोक खाली गेले आणि मागचे उंच राहिले. त्या माणसाला दोष देत नाही. त्या काळी सुटे भाग मिळत नसत, आणि आवाज आला म्हणजे काम झाले असे तोही समजला, आम्हीही समजलो.

माझ्या विद्यार्थ्याने जाताना यंत्राची मोजमापे नेली आणि पुढच्या खेपेस नवे टोक घेऊन आला. कार्ट्रिज सरळ केले, भार चार ग्रॅमवर आणला. मग कुमारांची दुसरी बाजू लावली. शेवटची मिनिटे आली. फाटणे गेले होते. फक्त स आणि श ही अक्षरे अजून किंचित बोचत होती. तो म्हणाला, "आता उंची." या यंत्राच्या खांबाला उंची बदलायचा स्क्रू नव्हता. दांडा खाली आणता येत नाही तर तबकडी वर आणायची, एवढाच उपाय. चपला दुरुस्त करणाऱ्याकडून तीन मिलिमीटर जाडीची रबरी शीट आणून तिचे दोन गोल कापले आणि ते तबकडीखाली घातले. पोस्टकार्डाच्या रेघेला दांडा समांतर झाला. भार पुन्हा तपासला, कारण उंची बदलली की भारही थोडा बदलतो. मग शेवटची तीन मिनिटे पुन्हा लावली.

कुमार वरच्या षड्जावर गेले आणि तिथेच राहिले. दम कमी पडला नव्हता. तो कधीच कमी पडला नव्हता. स आणि श अक्षरांसारखी अक्षरे झाली. दोन ठिकाणी खरखर राहिली, ती आमच्या जुन्या सुईने केलेली जखम आहे आणि ती भरून येणारी नाही. अण्णा ती तबकडी सणावारालाच लावत, म्हणून तेवढ्यावर निभावले. खाटेच्या जागी आता दिवाण आहे. मी तिकडे बघितले नाही.

तबकडीचा शेवटच का फाटत होता, याचे उत्तरही साधे निघाले. फेरे सारखेच असले तरी बाहेरच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला सुमारे एकावन्न सेंटिमीटर धावतो आणि आतल्या टोकाला जेमतेम एकवीस. तेच गाणे अर्ध्याहून कमी जागेत लिहायचे, म्हणून अक्षर दाट होते. झिजलेली, वाकडी, उतरती सुई दाट अक्षर वाचू शकत नाही. म्हणजे गाणारा कोणीही असो, आमच्या यंत्रावर प्रत्येक तबकडी शेवटी फाटणारच होती. आणि फाटत होतीच! सनईची एक लाँगप्लेही शेवटी चिरकत असे. तेव्हा आम्ही म्हणत असू, पत्ती ओली झाली असेल. सतारीची शेवटी झणझणे, तर तार सैल झाली असेल. प्रत्येक कलावंतासाठी आमच्याकडे एक वेगळी कथा होती. सातही तबकड्यांची शेवटे शेजारी ठेवून पाहावीत, दोष एकाच जागी येतो तर तो आपल्याकडे असेल, असे मनात आले नाही. साधने ताडून पाहा, असे मी तीस वर्षे मुलांना सांगत आलो आणि घरातल्या साधनापाशी फसलो, कारण कुमारांच्या आजाराची कथा खरी होती आणि सुंदर होती. खऱ्या कथेच्या आडोशाला चुकीचा निष्कर्ष फार सुरक्षित राहतो.

ज्यांच्या घरी यंत्र आणि तबकड्या अजून आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. किल्लीच्या ग्रामोफोनवर लाँगप्ले चुकूनही लावू नये. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांत आवाज डावीउजवीकडेच लिहिलेला असतो, म्हणून त्यांना उंचीचा फारसा फरक पडत नाही. त्यांना जाड टोक आणि दर बाजूला नवी पिन, हेच पथ्य. स्टिरिओ लाँगप्लेसाठी मात्र क्रम पाळावा: आधी टोक तपासावे, मग कार्ट्रिज सरळ आहे का पाहावे, मग भार, आणि सर्वांत शेवटी उंची. आधीचे तीन चुकलेले असतील तर उंचीने काही साधत नाही. उंची बघताना तबकडीवर सुई टेकलेली असावी आणि आपला डोळा तबकडीच्या पातळीत असावा. वरून पाहून उतार कधीच कळत नाही. खांबाच्या बुडाशी बारीक स्क्रू असेल तर तो सैल करून दांडा वर-खाली करता येतो, पण सुई उचलून, तिच्यावर टोपी घालून, आणि एका वेळी एखादा मिलिमीटरच. मागचे टोक उंच असेल तर आवाज पातळ, टोचरा वाटतो. खाली असेल तर बोजड आणि मिटलेला, असे जाणकार सांगतात. एवढाले बारकावे कानाला खरेच कळतात की मनाला, यावर त्यांच्यातच वाद आहेत. म्हणून समांतर करावे, ऐकावे आणि थांबावे. ज्या तबकडीवर जीव आहे ती प्रयोगाला घेऊ नये.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. सूर्यमालेपलीकडे कोणी असलेच तर त्याला माणसाची ओळख व्हावी म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी आहे. तिच्यात जगभरच्या संगीतासोबत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. यान सुटले त्याच सप्टेंबरात, काही दिवसांच्या अंतराने, केसरबाई वारल्या. त्यांचा आवाज अजून दूर दूर चालला आहे. पण पाठवणाऱ्यांनी नुसती तबकडी पाठवली नाही. सोबत कार्ट्रिज आणि सुई ठेवली, आणि झाकणावर सुई कुठे टेकवायची याचे चित्र कोरले. त्याच्याखाली दुसरे चित्र आहे, तबकडी आणि सुई बाजूने पाहिल्यावर कशी दिसतात याचे.

मी ते चित्र पाहिले तेव्हा हसू आले. कधी न भेटलेल्या, डोळे असतील की नाही हेही ठाऊक नसलेल्या ऐकणाऱ्याला त्यांनी तेच सांगितले होते, जे माझ्या विद्यार्थ्याने मला जमिनीवर पालथे पाडून सांगितले. आधी खाली या आणि बाजूने पाहा.

यंदा माळा झाडताना ती पेटी मी पुन्हा पुसली. पाडव्याला लाँगप्ले लागेल. मुलांना कुमारांच्या आजाराची गोष्ट सांगेनच, ती खरी आहे. पण तबकडीच्या शेवटाशी तिचा संबंध जोडणार नाही. आणि रबरी शीट नीट बसली आहे ना, ते आधी पाहून घेईन.